शंका आली की आधी काय करायचं: ख्रिस्ती विश्वासाचा गाभा आणि त्यावरचे नेहमीचे प्रश्न

"बायबल कितीदा बदललंय, त्यातलं खरं काय मानायचं?" "येशू तर काश्मीरला येऊन गेला होता." "तुमचे देव तीन की एक?" "देव एवढा दयाळू, तर कृष्णेला असला पूर का येतो?" मिरज, सांगली, सातारा, वाई या पट्ट्यातल्या ख्रिस्ती मुलामुलींना कॉलेजात, हॉस्टेलवर, एसटीत, घरच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर हे प्रश्न भेटतात. विचारणारा बहुतेक वेळा मित्रच असतो. उत्तर मात्र दोन तऱ्हांनी बिघडतं. एक तर मूल गप्प बसतं आणि आतून खचतं, नाहीतर चिडून सगळ्याच मुद्द्यांवर सारख्याच जोराने भांडत सुटतं.

दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण सगळ्या मुद्द्यांचं वजन सारखं नसतं. जुन्या वाड्याची तुळई निघाली तर माळा खाली येतो. कोनाड्याचा गिलावा पडला तर वाड्याला काही होत नाही. ख्रिस्ती विश्वासाची तुळई कोणती, ते पहिल्या पिढीतला प्रचारक पौल याने स्वतःच सांगून ठेवलंय: ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ (१ करिंथ १५:१४). येशू कोण होता, तो मेला का, उठला का, आणि हे सांगणारे कागद भरवशाचे आहेत का, हा गाभा. नाताळ २५ डिसेंबरलाच का, पृथ्वीचं वय किती, हा गिलावा. गिलाव्यासाठी सगळी ताकद खर्च केली की तुळईपाशी पोचेपर्यंत ऐकणारा उठून गेलेला असतो.

आधी हळकुंड मोडा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा जाणकार पोत्याच्या रंगावर भाव ठरवत नाही. हळकुंड हातात घेतो, कटकन मोडतो, आवाज ऐकतो, मोडलेल्या जागी आतला रंग बघतो. वरून लागलेली पूड फसवू शकते, आतला गाभा नाही. प्रश्नाचंही तसंच करावं. "बायबल बदललंय" या एका वाक्याच्या आत तीन वेगळे प्रश्न असू शकतात. हाताने नकला करताना मजकूर बिघडला का? भाषांतरं इतकी वेगवेगळी कशी? की चर्चने आपल्या सोयीची पुस्तकं ठेवून बाकीची दडपली? तिन्हींची उत्तरं निराळी आहेत. म्हणून पहिलं काम उत्तर देणं नाही, तर शांतपणे विचारणं: "बदललं म्हणजे नक्की काय बदललं असं तुला वाटतं?" मग त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं. "हो, हेच म्हणतोय मी," असं तो म्हणाला की पुढे जायचं.

बायबलचा मजकूर

समजा, प्रश्न नकलांचा आहे. बायबलचा येशूनंतर लिहिलेला भाग म्हणजे नवा करार, त्याची मूळ भाषा ग्रीक. छापखाना येण्याआधीच्या त्याच्या ग्रीक हस्तलिखितांची नोंद ५,७००च्या आसपास आहे. त्यांत एकमेकांशी न जुळणाऱ्या जागा मोजल्या तर आकडा चार लाखांच्या घरात किंवा त्याहून वर जातो, आणि अख्ख्या नव्या करारात शब्द आहेत सुमारे १ लाख ३८ हजार. नुसता आकडा ऐकला की पोरगं घाबरतं. पण हे फरक आहेत कसले? सर्वांत जास्त आहेत ते लिहिण्याच्या पद्धतीचे. ग्रीकमध्ये काही शब्दांच्या शेवटी 'न' लावला काय, न लावला काय, अर्थ तोच राहतो. योहानाचं नाव कुणी एका 'न'ने लिहितो, कुणी दोन. आपल्याकडे १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधी 'कां', 'तें', 'घरें' असं छापत, आता अनुस्वार गेले. आजोबांचं पुस्तक आणि नातवाचं पुस्तक अक्षरअक्षर ताडलं तर हजारो 'फरक' निघतील आणि गोष्ट एकच राहील. शिवाय हस्तलिखितं जितकी जास्त, तितके मोजलेले फरकही जास्त. एकच प्रत असती तर फरक शून्य असते आणि चूक पकडायला काही साधनही नसतं.

मराठी माणसाला हे काम नवं नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले म्हणून एकनाथ महाराजांनी शके १५०६मध्ये (इ.स. १५८४) प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. त्यामुळे ज्ञानेश्वरी खोटी ठरली असं कुणी म्हणत नाही. नव्या कराराचे अभ्यासक हेच करतात, फक्त प्रती हजारो असतात.

अर्थाला धक्का देणारे फरक थोडे आहेत आणि ते लपवायचे नाहीत. मार्कच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) शेवट, म्हणजे १६:९ ते २०, चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन थोर प्रतींत नाही. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीची गोष्ट (योहान ७:५३ ते ८:११) सर्वांत जुन्या प्रतींत सापडत नाही. अनेक आधुनिक भाषांतरांत तिथे कंस किंवा तळटीप असते. तिसरी जागा १ योहान ५:७. तिथे काही जुन्या छापील बायबलांत पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तीन स्वर्गीय साक्षी येतात. ते वाक्य लॅटिन परंपरेतून आलेलं आहे. ग्रीक नवा करार छापणारा पंडित इरॅस्मस याने १५१६ आणि १५१९च्या ग्रीक आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, १५२२मध्ये घेतलं. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण, सिद्ध करायला हे वचन कधीही वापरू नका. समोरच्याला हे ठाऊक असलं तर तुमची बाकीची खरी वचनंही त्याच्या लेखी पडतात. आणि या तिन्ही जागा बाजूला काढल्या तरी एकही मूळ विश्वासवचन हलत नाही, कारण कुठलंही त्यांच्या एकट्याच्या आधारावर उभं नाही.

मँचेस्टरच्या ग्रंथालयात पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यासारख्या झाडापासून केलेल्या जुन्या कागदाचा, एक तुकडा आहे. उंची जेमतेम ९ सेंटिमीटर, रुंदी ६, म्हणजे तळहातावर मावेल एवढा. दोन्ही बाजूंनी लिहिलेला, दर बाजूला सात ओळींचे अवशेष. दोन्ही बाजूंना मजकूर आहे यावरून तो गुंडाळीचा नसून पानांच्या वहीचा आहे हे कळतं. समोरच्या बाजूला योहान १८:३१ ते ३३, मागे ३७ आणि ३८. रोमन सुभेदार पिलात "सत्य काय आहे?" असं विचारतो, तीच ही जागा. अनेक ठिकाणी 'इ.स. १२५' असं ठासून लिहिलेलं असतं, तसं म्हणू नये. तारीख अक्षराच्या वळणावरून काढलेली आहे. दुसरं शतक म्हणणं रास्त, आणि काही अभ्यासक तिसऱ्याच्या सुरुवातीपर्यंतही वाव ठेवतात.

इथे एक चूक आपलीच माणसं नेहमी करतात: "५,७०० हस्तलिखितं आहेत, म्हणून बायबल खरं." नाही. हस्तलिखितांवरून एवढंच कळतं की लेखकाने लिहिलं ते आपल्या हातात बऱ्यापैकी जसंच्या तसं आलं. त्याने लिहिलं ते खरं का, हा पुढचा प्रश्न. त्यातल्या बहुतेक प्रती मध्ययुगातल्या आहेत, हेही माहीत असावं.

पुस्तकं कुणी निवडली, याचं उत्तर थोडक्यात. इ.स. ३२५च्या बिशपांच्या निकीया परिषदेत बायबलची पुस्तकं ठरली, ही चुकीची पण फार पसरलेली माहिती आहे. त्या परिषदेचा विषय एरियसची शिकवण, म्हणजे पुत्र हा निर्माण केलेला आहे हे मत, हा होता. आज आपल्याकडे आहेत तीच सत्तावीस पुस्तकं नेमकी नावानिशी सांगणारी यादी बिशप अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते. पण चार शुभवर्तमानं आणि पौलाची पत्रं त्याच्या कितीतरी आधीपासून मंडळ्यांत वाचली जात होती.

चमत्काराचा प्रश्न साताऱ्यात वेगळा लागतो

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं गाव सातारा. या जिल्ह्यात चमत्कार म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात बुवा, अंगारा, हातातून निघणारी राख आणि १९८९पासून त्याविरुद्ध उभी राहिलेली अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ येते. ख्रिस्ती माणसाने या चळवळीला शत्रू मानायचं काहीच कारण नाही. "प्रार्थनेने कॅन्सर बरा करतो, गोळ्या बंद करा," असं सांगणारा माणूस बायबल हातात घेऊन आला तरी त्याला अडवलंच पाहिजे. मिरजेत मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४मध्ये इस्पितळ उघडलं, ते देवावर विश्वास ठेवूनच. प्रार्थना आणि औषध यांत या भागातल्या मंडळीने भांडण लावलेलं नाही, आणि लावूही नये.

मग पुनरुत्थान का मानायचं? तपासणीची पद्धत आधी ठरवू. बुवा म्हणतो "मी राख काढतो", तर त्याला आत्ता, इथे, बाह्या वर करून काढायला सांगता येतं. हा दावा पुन्हा पुन्हा करून बघण्यासारखा आहे. एकदाच घडलेल्या गोष्टीचा दावा तसा तपासता येत नाही. खुनाच्या खटल्यात न्यायाधीश खून पुन्हा करून दाखवायला सांगत नाहीत. साक्षीदार कोण, घटनेनंतर किती दिवसांनी बोलले, विरुद्ध पक्ष काय कबूल करतो, दुसरा खुलासा बसतो का, हे बघतात. पुनरुत्थानाचा दावा या दुसऱ्या जातीचा आहे.

तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८मध्ये मांडलेला आक्षेप अजूनही सर्वांत टणक आहे: निसर्गनियमाच्या बाजूने सगळ्या माणसांचा अनुभव आहे, मग चार साक्षीदारांचं का ऐकायचं? यातली अर्धी गोष्ट मान्य करावी. मोठ्या दाव्याला पुरावाही भक्कम लागतो. पण 'सगळ्या माणसांचा अनुभव' असं म्हणताना, चमत्कार कधीच कुणी अनुभवला नाही हे आधीच धरलेलं असतं, आणि वाद तर त्यावरच आहे. ख्रिस्ती माणूस मेलेली माणसं आपोआप उठतात असं म्हणत नाही. ती उठत नाहीत, हे यरुशलेममधल्या बायांनाही ठाऊक होतं. म्हणून तर त्या सुगंधी द्रव्यं घेऊन प्रेताकडे निघाल्या होत्या. दावा एवढाच आहे की ज्याने निसर्ग केला त्याने एकदा, एका माणसाच्या बाबतीत, हे केलं.

तुळई: पुनरुत्थान

इथे घाई करू नये. एकेक थर लावत जावा.

पहिला थर: येशू होता आणि वधस्तंभावर मेला. इ.स. ११६च्या सुमाराला रोमन इतिहासकार टॅसिटस, ज्याला ख्रिस्ती लोकांबद्दल तिटकाराच होता, लिहितो की सम्राट तिबेरियसच्या काळात पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला. यहुदी इतिहासकार जोसीफस (इ.स. ९३–९४) येशूचा दोनदा उल्लेख करतो. त्यातला लांब परिच्छेद जसाच्या तसा वाचून दाखवू नये. "तो ख्रिस्त होता" अशी वाक्यं त्यात नंतरच्या ख्रिस्ती नकलाकाराने घातली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. छोटा उल्लेख, "ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब" हा, जास्त भरवशाचा आहे. पिलाताच्या नावाचा शिलालेख १९६१मध्ये कैसरियात सापडला. वधस्तंभावर मेलेल्यांना पुरतच नसत, असाही आक्षेप येतो. १९६८मध्ये यरुशलेमजवळच्या कबरीत एका माणसाची अस्थिपेटी सापडली, तिच्यात टाचेचं हाड होतं आणि त्यातून आरपार गेलेला खिळा अजून तिथेच होता. म्हणजे वधस्तंभावर मेलेल्याला रीतसर पुरल्याचं एक तरी उदाहरण हाडासकट मिळालं.

दुसरा थर, आणि हा सर्वांत महत्त्वाचा: १ करिंथ १५:३ ते ७. हे पत्र इ.स. ५५च्या आगेमागे लिहिलेलं. त्यात पौल म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुम्हांला सांगून दिलं: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बंधूंना, मग याकोबाला. 'मिळालं' आणि 'सांगून दिलं' हे शब्द गुरूकडून पाठ घेतलेल्या वचनासाठी वापरायचे. पौलाला ते कुठून मिळालं? गलतीकरांस पत्रात तो सांगतो की छळणारा असताना ख्रिस्ताकडे पालट झाल्यावर तीन वर्षांनी तो यरुशलेमला गेला, पेत्राकडे पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. वधस्तंभ इ.स. ३०चा धरा किंवा ३३चा, घटना आणि हे वचन यांत अंतर फार तर काही वर्षांचं उरतं. दंतकथा पिकायला पिढ्या लागतात. इथे साक्षीदार जिवंत आहेत, आणि पाचशेपैकी बहुतेक अजून आहेत असं पौल लिहितो, म्हणजे जाऊन विचारा म्हणतो.

तिसरा थर माणसांचा. पेत्र मित्र होता, त्याला दुःखात भास झाला असं म्हणता येईल. पण पौल शत्रू होता, मंडळीचा छळ करत होता. याकोब येशूचा भाऊ, आणि भावांचा विश्वास नव्हता हे योहान ७:५ सरळ सांगतं. तोच याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख होतो आणि इ.स. ६२मध्ये दगडमार होऊन मरतो. ते जोसीफस सांगतो, आपला कुणी नाही. शोकातला भास मित्राला होतो; छळणाऱ्याला आणि न मानणाऱ्या भावाला, वेगवेगळ्या जागी, कधी एकट्याला तर कधी घोळक्याला, असा भास होण्याचं कारण देणं अवघड आहे.

रिकामी कबर हा चौथा थर. यावर अभ्यासकांत पहिल्या तीन थरांइतकं एकमत नाही, हे आधीच सांगावं. बाजूचा मुद्दा असा की चारही शुभवर्तमानांत पहिल्या साक्षीदार बाया आहेत. त्या काळी बायांची साक्ष ग्राह्य धरू नये असं जोसीफस लिहितो. गोष्ट रचायचीच असती तर अशा साक्षीदार कुणी निवडल्या नसत्या.

आता बाया किती होत्या? मार्क तीन नावं देतो, मत्तय दोन, योहान एकट्या मग्दालीया मरियेचं नाव घेतो. "बघा, विसंगती!" योहान २०:२ नीट वाचा. मरिया धावत येऊन म्हणते, त्याला कुठे ठेवलं ते आम्हांला ठाऊक नाही. एकटी असून 'आम्हांला'. योहानाने एकीचं नाव घेतलं, बाकीच्या नव्हत्या असं कुठे म्हटलं नाही. चार माणसांनी चार बाजूंनी सांगितलेल्या प्रसंगात असे कोपरे राहतातच. पण प्रत्येक कोपरा असा सुटतो असा दावा करू नका. लूक २:२ येशूचा जन्म सुभेदार क्विरिनियसच्या नावनिशीच्या (शिरगणतीच्या) वेळचा सांगतं. ती इ.स. ६च्या सुमाराची धरली जाते, आणि ज्याच्या राज्यात येशू जन्मला तो हेरोद राजा बहुतेकांच्या मते इ.स. पूर्व ४मध्ये मेला. याची अनेक उत्तरं दिली गेली, एकही सगळ्यांना पटलेलं नाही. तेव्हा "याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही," असं म्हणावं. ओढूनताणून जुळवलेल्या उत्तराने जितका विश्वास उडतो तितका या कबुलीने उडत नाही.

प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या प्रमुख साक्षीदारांच्या, मरणाबद्दलही तोच सावधपणा हवा. "बाराही जण हुतात्मे झाले" हे वाक्य मंडळीत सर्रास ऐकू येतं. त्यातल्या बऱ्याच जणांच्या मरणाच्या कथा फार उशिरा लिहिलेल्या आहेत. बारांतले आणि बाहेरचे मिळून ज्यांच्याबद्दल भरवशाने बोलता येतं ते चौघे: पेत्र, पौल, जब्दीचा मुलगा याकोब (प्रे. कृत्ये १२:२) आणि प्रभूचा भाऊ याकोब. चार पुरेसे आहेत. त्यातूनही एवढंच सिद्ध होतं की ते मनापासून बोलत होते, खोटं रचत नव्हते. खोट्यासाठीही माणसं मरतात, पण ते खोटं आहे हे स्वतःला ठाऊक असताना सहसा मरत नाहीत.

काश्मीरची गोष्ट खरं तर 'येशू वधस्तंभावर मेलाच नाही, बेशुद्ध झाला' या जुन्या तर्काचीच शेपूट आहे. तिचे दोन धागे आहेत. निकोलस नोतोविच या रशियन प्रवाशाने १८९४मध्ये फ्रेंच पुस्तक काढून सांगितलं की लडाखच्या हेमिस मठात येशूच्या भारतातल्या तरुणपणाची पोथी आहे. १८९५मध्ये आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक आर्चिबाल्ड डग्लस तिथे जाऊन आले. मठाच्या मुख्य लामांनी सांगितलं की अशी पोथी नाही आणि असा पाहुणाही आला नव्हता. दुसरा धागा श्रीनगरच्या रोझाबल कबरीचा. ती येशूची असल्याचा दावा मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९९च्या सुमारास मांडला, घटनेनंतर साडेअठराशे वर्षांनी. करिंथच्या पत्राचं अंतर आठवा आणि शेजारी ठेवा. शिवाय रोमन शिपायांचा धंदाच मारण्याचा होता. अर्धमेला, फटक्यांनी सोललेला माणूस तीन दिवसांनी लंगडत आला असता तर शिष्यांनी वैद्य बोलावला असता, मरणावर जय मिळाला म्हणून गावोगाव सांगत फिरले नसते.

येशू देव कधीपासून, आणि देव तीन की एक

"रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने निकीयात मतदान घेऊन येशूला देव केलं." हे वाक्य म्हणणारा सिनेमा बघून आलेला असतो, इतिहास वाचून नाही. इ.स. ११२च्या सुमाराला प्लिनी हा रोमन सुभेदार सम्राट त्राजनला लिहितो की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव समजून त्याचं स्तवन गातात. निकीयाच्या आधी दोनशे वर्षं. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं, देवाच्या स्वरूपात असूनही स्वतःला रिक्त करणाऱ्या ख्रिस्ताचं स्तोत्र त्याहूनही जुनं. निकीयात प्रश्न होता तो पुत्र पित्याच्या तोडीचा आहे की निर्माण केलेला, हा. जमलेल्या सुमारे तीनशे बिशपांपैकी शेवटपर्यंत सही नाकारणारे दोघेच होते.

त्रैक्य सांगताना आपल्याकडे हमखास कुणीतरी म्हणतं, "म्हणजे दत्तासारखंच ना?" कृष्णाकाठच्या माणसाला औदुंबर जवळचं, त्यामुळे प्रश्न स्वाभाविक आहे आणि प्रेमाने विचारलेला असतो. उत्तरही तसंच द्यावं. त्रिमूर्तीत उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामं वाटलेली आहेत. त्रैक्यात काम वाटलेलं नाही. निर्माण करणं, तारणं, पवित्र करणं यांत तिघेही आहेत. सोपं करायचं तर दोन प्रश्न वेगळे ठेवा: 'काय आहे?' आणि 'कोण आहे?' काय आहे, याचं उत्तर एकच: देव. कोण आहे, याची उत्तरं तीन: पिता, पुत्र, पवित्र आत्मा. एकाच अर्थाने एक आणि तीन म्हटलं असतं तर ती विसंगती झाली असती.

संडे स्कूलमधलं पाणी-बर्फ-वाफ हे उदाहरण मात्र सोडून द्यावं. तेच पाणी आधी बर्फ, मग वाफ होतं. म्हणजे एकच व्यक्ती तीन सोंगं घेते असा अर्थ निघतो, आणि ही शिकवण मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारली. येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग समोर ठेवला की मुलांनाही कळतं: पुत्र यार्देन नदीच्या पाण्यात उभा, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, पित्याची वाणी वरून येतेय. तिघे एकाच वेळी.

लहानसहान, पण सारखे येणारे

'ख्रिस्त' म्हणजे 'कृष्ण'च, असं कृष्णेच्या काठी ऐकायला गोड वाटतं. 'ख्रिस्तोस' हा ग्रीक शब्द, अर्थ 'अभिषेक केलेला', हिब्रू 'मशीहा'चं भाषांतर. ते नावही नाही, पदवी आहे. 'कृष्ण' म्हणजे काळासावळा. दोन शब्दांचं कुळ वेगळं.

२५ डिसेंबर? तारीख बायबलमध्ये नाहीच. ती पहिल्यांदा स्पष्ट दिसते रोममधल्या ३५४ सालच्या एका पंचांगात. सूर्यदेवाच्या सणावरून घेतली का, यावर अजून वाद आहे. घेतली असली तरी येशू जन्मला की नाही हा प्रश्न तारखेने सुटत नाही.

"हा परदेशी धर्म." येशू आशियातला. केरळात ख्रिस्ती वस्ती असल्याची लेखी नोंद सहाव्या शतकातली आहे. आणि मराठीत विचाराल तर रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७मध्ये 'देवाचा दरबार' मांडला तो साताऱ्यातच. त्यांची भजनं आजही उपासनेत म्हटली जातात. कुठे आमिष दाखवून कुणाला ख्रिस्ती केलं असेल तर ते पाप होतं, हे आडपडदा न ठेवता म्हणावं. त्याने ख्रिस्ताबद्दलचा दावा खरा की खोटा, हे ठरत नाही.

"सगळ्या नद्या शेवटी समुद्रालाच मिळतात." महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचा उगम मानतात. त्यातली कृष्णा पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, सावित्री पश्चिमेला उतरून अरबी समुद्राला. एका गोमुखातून निघून दोन टोकांना. उपमेने वाद मिटत नाही, एवढंच यावरून घ्यायचं. कुराण (४:१५७) म्हणतं येशू वधस्तंभावर मारला गेला नाही. शुभवर्तमान म्हणतं मारला गेला. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. हे म्हणताना मुसलमान किंवा वारकरी शेजाऱ्याचा मान तसूभरही कमी होता कामा नये. पेत्राने उत्तर द्यायला सांगितलंय ते सौम्यतेने.

दुःख

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. ब्रह्मनाळला माणसं वाचवणारी बोटच उलटली. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा पाटण तालुक्यातली घरं झोपलेल्यांवर पडली. "देव आहे आणि चांगला आहे, तर हे का?" हा प्रश्न ख्रिस्ती विश्वासावरचा सर्वांत जड प्रश्न आहे, आणि त्याला हलकं उत्तर देणं पाप आहे.

तर्काच्या पातळीवर काही सांगता येतं. माणसाला खरं स्वातंत्र्य दिलं की वाईट करण्याची मुभाही त्यात आली. यातून खून, युद्ध, लाच यांचा खुलासा होतो. भूकंपाचा होत नाही, म्हणून तिथे हे उत्तर ओढू नये. चांगल्या देवाला दुःख होऊ देण्यामागे आपल्याला न दिसणारं कारण असू शकतं, हे तर्काने नाकारता येत नाही. पण 'असू शकतं' म्हणजे 'हे घ्या कारण' नव्हे. अमक्याचा मुलगा का गेला, ते तुम्हांला ठाऊक नाही. ठाऊक असल्यासारखं बोलू नका.

"त्यांच्या कर्माचं फळ" किंवा "पापाची शिक्षा" हे उत्तर तर येशूनेच बंद केलंय. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती यरुशलेममधल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती का? नाही, असं तो म्हणतो (लूक १३:४–५). जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? कुणाचंच नाही (योहान ९:३). ख्रिस्ती विश्वास इथे कारण देत नाही, वधस्तंभ दाखवतो: देव वरून बघत बसला नाही, स्वतः खाली उतरून मेला. हे ऐकून प्रश्न संपत नाही, हेही खरं.

बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर चाललं होतं. पूर ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ असलेल्या माणसाला खोरं धरणारा माणूस हवा असतो. म्हणून विचारणारा कोण आहे ते आधी बघायचं. येशूचा मित्र लाजर मेल्यावर त्याच्या दोन्ही बहिणी, मार्था आणि मरिया, येशूला एकच वाक्य म्हणाल्या: प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. योहान ११:२१ आणि ११:३२ शेजारी ठेवून वाचा, शब्द जवळजवळ तेच आहेत. मार्थेला त्याने उत्तर दिलं, पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे म्हणून. मरिया त्याच्या पायांशी पडून रडत होती. तिला त्याने काहीही समजावलं नाही. त्याला कुठे ठेवलंय, एवढंच विचारलं, आणि तोही रडला.